घरातून ऐकलेला भोंगा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला उद्धवरावांच्या कॉम्प्युटरची वाचा बसली.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. पडदा उजळला, बाण सरसर पळाला, नातवाचा दात पडलेला फोटोही आला. पण चालू होताना नेहमी जो एक 'टुंग' व्हायचा, तो झाला नाही. उद्धवरावांनी फाईल उघडली, तर रेघ आपली गुपचूप पुढं सरकत राहिली, भांडण झालेल्या घरातल्या सुनेसारखी. काम चालू, तोंड बंद.

"रुक्मिणी! ए रुक्मिणी! इकडं ये जरा."

"हात भरलेत. काय ते तिथनंच बोला." रुक्मिणीबाई धपाट्यांचं पीठ मळत होत्या.

"आवाज येत नाही."

"तुमचा येतोय की चांगला. शेजारच्या बिल्डिंगपर्यंत."

"माझा नाही गं! भोंग्याचा!"

तशा रुक्मिणीबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. एरवी कॉम्प्युटर बोलला काय, मुका राहिला काय, त्यांना सोयरसुतक नव्हतं. पण आज साडेतीनला कोंडाजी येणार होते, आणि ते फक्त भोंगा ऐकायला येणार होते. उद्या पहाटेच्या एसटीनं ते केजजवळच्या त्यांच्या गावी जायचे होते, कायमचे. मुलाची बदली बेंगळुरूला झाली. मारुंजीचा फ्लॅट सोडायचा होता, आणि बेंगळुरूला जाऊन मी कुणाशी बोलू, असं म्हणून कोंडाजींनी धाकट्या भावाकडं गावाला राहायचं ठरवलं होतं. वय शहात्तर. परत येणं काही खरं नव्हतं.

हे कोंडाजी म्हणजे पिंपरीच्या त्या जुन्या फोर्जिंगच्या कारखान्यातले बॉयलरवाले. कारखाना वाफेच्या हातोड्यांचा होता, आणि त्याच वाफेवर भोंगा वाजायचा. सकाळी सातला, दुपारी साडेतीनला, रात्री बाराला. सत्तावीस वर्षं त्या भोंग्याची साखळी कोंडाजींनी ओढली. उद्धवराव तिथंच साचे बनवणाऱ्या डाय शॉपला होते. दोघांची बिऱ्हाडं कारखान्यामागच्या चाळीत, भिंतीला भिंत लागून. कोंडाजींची बायको रंभा आणि रुक्मिणीबाई यांच्यात एकच पाटा होता, आणि तो कुणाचा हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

चाळीतल्या बायकांना घड्याळ लागत नसे. पहिल्या भोंग्याला डबे बाहेर, दुसऱ्याला चहाचं आधण. पोर नुकतं निजवावं आणि भोंग्यानं बोंब ठोकावी, हेही रोजचंच. रुक्मिणीबाईंनी त्या भोंग्याला जेवढ्या शिव्या घातल्या असतील तेवढ्या सासरच्या माणसांनाही घातल्या नव्हत्या. आणि तरी कारखाना बंद व्हायच्या दिवशी, शेवटच्या साडेतीनला, त्यांनीच टेपरेकॉर्डर उचलून खिडकीत ठेवला होता आणि दोन बटणं दाबली होती. पुरुष सगळे गेटवर जमलेले. चाळीत नुसत्या बायका. का केलं, ते त्यांना आजही सांगता आलं नसतं.

ती कॅसेट वीस-बावीस वर्षं ट्रंकेत पडून राहिली. गेल्या उन्हाळ्यात गणराजनं, त्यांच्या मुलानं, कुठून तरी जुना टेप मिळवून ती कॉम्प्युटरवर चढवली. चढवून झाली, आणि टेपनं फीत गिळली ती गिळलीच. चिमट्यानं ओढून काढली तेव्हा तिच्या शेवया झाल्या होत्या. म्हणजे आता भोंगा जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता: या पेटीत. "पेनड्राईव्हवर घेतो ना आई," असं गणराज मे महिन्यापासून म्हणत होता. त्याची शिफ्ट, त्याचा ओव्हरटाइम. मेपासून दसरा आला.

पण खरी गोष्ट भोंग्याची नव्हतीच. गणराजनं ते मोठ्या स्पीकरवर लावलं, तेव्हा भोंगा संपल्यावर, अगदी शेवटी, एक बाईमाणूस एवढंसं काहीतरी बोललं. रुक्मिणीबाई हातातली भाजी टाकून उठल्या होत्या. रंभा! गॅलरीत उभी असणार, खिडकीशेजारी. एकच वाक्य. फार बारीक, पण तीच.

रंभाला जाऊन चार वर्षं झाली होती. तिचे फोटो होते, एका लग्नाची सीडी होती, त्यात ती पंगतीत वाढताना दिसायची, वर सनई लावलेली. आवाज कुठंच नव्हता. कोंडाजी एकदा म्हणालेही होते, "वहिनी, चेहरा दिसतो बघा डोळे मिटले की. आवाज मात्र निसटलाय माझ्याकडून."

गणराजनं एकदा स्पीकरसमोर फोन धरून भोंगा फोनमध्ये घ्यायचा प्रयत्न केला होता. त्यात भोंगा डासासारखा आला, आणि रंभा आलीच नाही.

भोंगा कॉम्प्युटरवर आलाय, एवढंच कोंडाजींच्या कानावर होतं. मग गेल्या आठवड्यात त्यांचा निरोपाचा फोन आला, त्यात ते आपणहून म्हणाले, "उद्धवा, तो भोंगा तेवढा ऐकव गड्या. सत्तावीस वर्षं वाजवला, पण कानात कापूस घालून. घरातून कसा ऐकू यायचा ते मला माहीतच न्हाई." रुक्मिणीबाईंनी लगेच नवऱ्याला दम भरला होता: रंभाचं एक अक्षर फोनवर बोलायचं नाही. ती काय बोलली तेही नाही. ज्याचं आहे त्याला समोर बसून मिळू दे.

आणि आज हे असं.

"गणराजला लावा फोन."

"फोन गेटवर जमा असतो त्याचा. निघोजेला कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, माहीत आहे ना? साडेतीनला सुटेल तेव्हा मिळेल." उद्धवराव खुर्ची ओढून बसले. डोळ्यांवर दुसरा चष्मा चढला. "काही गरज नाही. ब्रेकडाउन आहे, ब्रेकडाउनसारखं बघायचं. डोकं शांत."

रुक्मिणीबाईंना हे 'डोकं शांत' ओळखीचं होतं. डाय शॉपमध्ये तीस वर्षं काढलेल्या या माणसानं मिक्सर बिघडला तरी आधी कागद घेतला होता. आताही त्यांनी एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू शोधली आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'आवाज नाही. का?' त्याखाली पुन्हा 'का?' आणि त्याखाली आणखी तीन. कंपनीत त्यांना तसं शिकवलं होतं, पाच वेळा 'का' विचारलं की दोष सापडतो. घरात पाच वेळा 'का' विचारलं की भांडण सापडतं, हे कंपनीनं शिकवलं नव्हतं.

स्पीकरचा दिवा लागत होता. वायरी काढून, पुसून, परत बसवल्या. आवाजाची पट्टी शंभरवर होती. मशीन बंद करून चालू केलं, दोनदा. मग स्पीकर उचलून टीव्हीला जोडले, तर टीव्हीतली बाई इतक्या जोरात किंचाळली की रुक्मिणीबाईंच्या हातून उलथनं पडलं.

"स्पीकर ओके," उद्धवरावांनी लिहिलं.

बाराला त्यांनी पिंपरी कॅम्पातल्या पिंटूशेठला फोन लावला. कॉम्प्युटर त्याच्याच दुकानातला.

"काका, विंडोज गंडली असणार," पिंटूशेठ म्हणाला. "घेऊन या पेटी. सगळं धुवून नवीन टाकतो. तासाचं काम."

"सगळं धुवून म्हणजे?"

"म्हणजे आतलं सगळं जाणार. तुमचं काय असतंय काका आत? फोटोच ना?"

रुक्मिणीबाईंनी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. "पिंटूशेठ, पेटी घरातून हलणार नाही. धुणं-बिणं आमचं आम्ही करतो." आणि ठेवून दिला.

"अगं, विचारू तरी द्यायचं होतंस..."

"काय विचारायचंय? तो रंभाला धुवायला निघालाय."

उद्धवरावांनी पत्रिका पुढ्यात ओढली. जेवणही त्यांनी पत्रिकेकडं बघत बघतच केलं.

दोनच्या पुढं रुक्मिणीबाई स्वतः खुर्चीवर बसल्या. शाळा त्यांची सातवीपर्यंत. इंग्रजी त्या गणराजच्या पुस्तकांतून, औषधांच्या पट्ट्यांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून शिकल्या, एकेक अक्षर टिपत. अजूनही ओठ हलवल्याशिवाय वाचता येत नसे. कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावर बाण नेला की एक चिटोरं उमटत होतं. त्यांनी ते लावून लावून वाचलं.

"अहो, इथं हेडफोन लिहिलंय."

"तसंच नाव असतं त्याचं."

"आपल्याकडं हेडफोन आहे?"

"नाही."

"मग यानं कुणाच्या कानाला लावलाय?"

"रुक्मिणी, उगाच फाटे फोडू नकोस. हे बघ, मी चौथ्या 'का'वर आलोय."

पावणेतीनला बेल वाजली. कोंडाजी. दिलेल्या वेळेच्या आधी पाऊण तास, जन्मभराच्या सवयीनं. बॉयलर पेटवायला आधीच यावं लागतं. धुतलेला पायजमा, वर सुनेनं घेतलेला चौकटीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. सून तनुजा खाली गाडीतच होती. पाचला न्यायला येते म्हणाली आणि गेली.

"या भाऊजी," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि पुढं होऊन त्यांनी पेढ्यांचा पुडा घेतला.

उद्धवरावांनी एका दमात सगळं सांगितलं. वायरी, पट्टी, टीव्ही, पिंटूशेठ. कोंडाजींनी खुर्चीच्या कडेवर बसून शांतपणे ऐकून घेतलं.

"ऱ्हाऊ दे मग," ते म्हणाले. "एवढं काय त्यात. धपाट्याचा वास लई भारी येतोय, वहिनी. ते खातो अन् जातो."

त्यांनी ते इतकं सहज म्हटलं की रुक्मिणीबाईंना तिथं उभं राहवेना. या माणसाला काय राहून जाणार आहे, ते त्याला माहीतही नव्हतं. आत जाऊन त्यांनी तवा ठेवला आणि तशाच परत बाहेर आल्या.

"अहो, तुमच्या कंपनीत माल खराब निघायला लागला की पहिलं काय विचारायचे?"

"शेवटचा चांगला पीस कधी निघाला," उद्धवराव पत्रिकेतून मान वर न काढता म्हणाले.

"मग विचारा की. याचा शेवटचा चांगला पीस कधी निघाला?"

उद्धवरावांनी पेन खाली ठेवलं. "खंडेनवमीला. परवा सकाळी. मी भोंगा लावून बघितला होता, कोंडाजींना ऐकवायचा म्हणून. व्यवस्थित होता."

"आणि नंतर काय झालं?"

"काही नाही. बंद करून पूजा केली. काल दसरा, हात लावला नाही. आज चालू केला. मध्ये काहीच बदललं नाही."

"पूजा केली म्हणता आणि काही बदललं नाही म्हणता."

"पूजा म्हणजे बदल नव्हे गं! तीस वर्षं मशीनची पूजा केली मी. पूजेनं मशीन बंद पडल्याचं ऐकलंयस कधी?"

कोंडाजी मान वाकडी करून टेबलाखालच्या पेटीकडं बघत होते. तिच्या गळ्यात झेंडूचा हार अजून होता, पुढून हळदीकुंकवाची पाच बोटं, पाठीवर वाळलेलं आपट्याचं पान. उद्धवरावांनी काही कसूर ठेवली नव्हती.

"दणक्यात केलीस पूजा," कोंडाजी म्हणाले. "मी आपला भोंग्याला हार घालू द्यायचो. पण तोंडात फूल खोवू द्यायचो न्हाई. ती हौशी पोरं असायची ना डिस्पॅचची, दिसलं भोक की खोव फूल. एकदा मला काढावं लागलं होतं बाबा शिडी लावून. म्हटलं, गळ्यात काय घालायचं ते घाला, तोंड मोकळं ठेवा."

रुक्मिणीबाई नवऱ्याकडं बघायला लागल्या. उद्धवराव पेटीकडं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "परवा तुम्ही ते शेवंतीचं फूल कुठं उभं केलं होतं?"

पेटीच्या माथ्यावर, पुढच्या कडेला, दोन बारीक गोल भोकं होती. घरात कुणी कधी वापरली नव्हती. परवा फूल पेटीवर ठरेना, सारखं घरंगळायचं. तेव्हा उद्धवरावांनी ते देठासकट त्यातल्या एका भोकात बसवलं होतं. अगदी मापात बसलं होतं. "बघ, फिट कसं आहे," असं रुक्मिणीबाईंना बोलावून दाखवूनही झालं होतं.

"पण ते आता नाहीये तिथं," उद्धवराव म्हणाले.

"काल संध्याकाळी मी उचललं. निर्माल्यात टाकलं." रुक्मिणीबाईंचा आवाज उतरला. "नुसतं बोंड हातात आलं होतं. मला वाटलं, देठ गळला असेल."

उद्धवराव गुडघ्यांवर बसले. बॅटरी आणली. एका भोकात काळोख होता, दुसऱ्यात काहीतरी हिरवं, ओलसर, तळापर्यंत गच्च.

"हेडफोन," ते पुटपुटले.

"शेवंतीचा," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"म्हणजे त्याला वाटतंय, कुणीतरी कानाला लावून बसलंय. म्हणून बाहेर आवाज सोडत नाही." उद्धवराव मागं सरकून भिंतीला टेकले. "माझ्या हातानं. डाय शॉपमध्ये साच्यात असा बर, धातूचा एवढासा कंगोरा, राहिला असता तर मी पोरांची सालं काढली असती."

"खोवला तुम्ही, मोडला मी. अर्धं-अर्धं." रुक्मिणीबाई उठल्या. "तीस वर्षं पूजा केलीत खरी, पण त्या हातोड्यांना कान नव्हते."

वीज बंद केली. उद्धवरावांनी आधी टाचणी घातली, तर देठ आणखी आत गेला. त्यांचे हात एकेकाळी केसाच्या जाडीवर काम करायचे. आता चहाच्या कपाशीही त्यांना समजुतीनं घ्यावं लागे. रुक्मिणीबाईंनी त्यांना बाजूला केलं आणि देव्हाऱ्याच्या खणातून सासूबाईंचं पितळी कानकोरणं काढलं. बारीक दांडा, टोकाला एवढीशी वाटी. पोरांच्या कानातला मळ त्यांनी यानंच काढला होता.

"हलू नका कोणी," त्या म्हणाल्या, जशी काही पेटीच हिसका देणार होती.

कडेनं घातलं, खाली नेलं, वाटी देठाखाली अडकवून वर ओढलं. एक तुकडा आला. मग दुसरा. मग कुजकट हिरवा धागा. कोंडाजी बॅटरी धरून उभे होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "येतंय. येतंय. व्हय, आलं." शेवटी कापसाची वात करून रुक्मिणीबाईंनी भोक कोरडं केलं.

वीज लावली. पडदा उजळला.

टुंग.

उद्धवरावांनी दोन्ही हात वर केले, मग लाजून खाली घेतले. "लावतो हं, कोंडाजी. मागं टेकून बसा."

आधी नुसती खरखर आली. मग खिडकीच्या पलीकडचं चाळीचं अंगण. कुणीतरी नळावर कळशी आपटली. कुठला तरी कुकर. शेजारच्या कुणाच्या तरी बारीक पोराचं रडं. आणि मग लांबून भोंगा वर चढायला लागला. खालून सुरू झाला, चढत गेला, घरभर झाला. खिडकीची काच थरथरली, ती तेव्हाची की आताची, कळेना.

कोंडाजींनी सवयीनं एक हात कानाकडं नेला आणि अर्ध्यावरून खाली घेतला.

"असा व्हय," ते म्हणाले. "एवढा गोड? मला तर नुसता पायातून यायचा."

भोंगा चालूच राहिला. कोंडाजींची नजर हळूहळू जमिनीला गेली. मग तो उतरत, उतरत, धापा टाकत थांबला. अंगण क्षणभर गप्प. आणि खिडकीच्या अगदी जवळून, हसू आणि दुसरं काहीतरी यांच्यामध्ये कुठंतरी, रंभा म्हणाली:

"आज हात सोडवंना वाटतं त्यांच्यानं."

खट. टेप बंद.

रुक्मिणीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

"चाळीस सेकंदाचा नियम होता," कोंडाजी म्हणाले. ते कॉम्प्युटरकडं बघत नव्हते, दोघांकडंही नाही. "त्या दिवशी मी जास्त धरला. दुप्पट तरी. साखळी सोडली की संपलं, म्हणून धरूनच ठेवला. मॅनेजर बोलला न्हाई, साहेब बोलला न्हाई, गेटवरच्या पोरांनाबी कळलं न्हाई. मला वाटलं, कुणालाच कळलं न्हाई." त्यांनी मान हलवली. "घरी गेलो तर तिनं पुढ्यात च्या ठेवला. एक शब्द बोलली न्हाई."

"तुम्ही तरी कुठं बोललात, भाऊजी?"

"न्हाई बोललो." मग खुर्ची पुढं ओढत, "परत लावता येतं का? सगळं नको. भोंग्याच्या पुढचं तेवढं."

उद्धवरावांना रेघ पुढं ढकलणं जमेना. रुक्मिणीबाईंनी ते करून दिलं आणि कोंडाजींचं जाडजूड बोट माऊसवर ठेवून दाखवलं: इथं आणायचं, असं दाबायचं. मग त्या चहाच्या निमित्तानं आत गेल्या. मागोमाग उद्धवरावही आले आणि ओट्याला टेकून नुसते उभे राहिले.

"तुम्ही काय करताय इथं?"

"काही नाही. आलं किसू का?"

रुक्मिणीबाईंनी मुकाट्यानं त्यांच्यापुढं किसणी सरकवली. बाहेरून रंभाचा आवाज आला. थांबला. परत आला. दोनदा चुकून भोंग्याचं शेपूट लागलं, मग हात बसला. प्रत्येक वेळी मधे थोडी शांतता. चौथ्या की पाचव्या खेपेला, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशा रोजच्या, साध्या आवाजात कोंडाजी म्हणाले,

"न्हवता गं सोडवत."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. पाच वाजायला अजून अवकाश होता, पण तनुजाला रस्त्यातल्या गर्दीचं भय असणार.

चहा केव्हाच उकळला होता. रुक्मिणीबाईंनी गॅस बारीक केला आणि पातेल्यात आणखी एक भांडं पाणी ओतलं.

"जा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तिला वर बोलवा, नाहीतर बसू दे गाडीत. सांगा, चहा व्हायचाय अजून."